अनवाणी पळताना अंगठ्याचं मूळ परत परत दुखतंय? आधी बोट ठेवून जागा शोधा

पंधरा दिवस पळणं बंद ठेवलं की दुखणं जातं. परत सुरू केलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच जागी, तसंच परत येतं. अनवाणी पळणाऱ्यांच्या अंगठ्याच्या मुळाची तक्रार बहुतेक वेळा अशीच चालते. विश्रांतीनं सूज उतरते, पण सूज आणणारं कारण जागेवरच राहतं. शिवाय ते कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. वरून सारखीच वाटणारी चार-पाच दुखणी त्या एका सांध्याभोवती असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला नडतो. ताठ झालेला सांधा ‘वाकवून मोकळा’ करायला गेलात तर तो आणखी सुजतो. चवड्याखालच्या हाडावर भार येऊन दुखत असेल, तर चवड्यावर पळायची सवय लावून घेणं म्हणजे रोज त्याच ठिकाणी हातोडी मारणं. म्हणून आधी लक्षणं नीट बघा. तपासण्या पुढं सोप्याकडून अवघडाकडं दिल्या आहेत, त्या त्याच क्रमानं करा.

लक्षणं

वरच्या बाजूनं दुखतं: सांध्याच्या पाठीवर, चप्पलचा पट्टा घासतो तिथं. सकाळी उठल्यावर अंगठा आखडलेला असतो. चढावर, जोर मारताना, चवड्यावर बैठका काढताना चमक निघते. हात फिरवला तर हाडाचा टणक उंचवटा लागतो. सपाटीवर सावकाश चालताना मात्र फारसं काही जाणवत नाही. हा ताठ होत चाललेला सांधा. डॉक्टर सुरुवातीच्या अवस्थेला हॅलक्स लिमिटस आणि पुढच्या अवस्थेला हॅलक्स रिजिडस म्हणतात.

खालच्या बाजूनं दुखतं: चवड्याच्या जाड भागात, अंगठ्याच्या बरोबर मागं, खडा रुतल्यासारखं. तिथं वाटाण्याएवढी दोन हाडं असतात, त्यांना सेसामॉइड म्हणतात. नाव तिळावरून पडलंय, पण आकार तिळापेक्षा बराच मोठा. फरशीवर अनवाणी उभं राहिलं तरी दुखतं आणि मऊ चप्पल घातली की लगेच बरं वाटतं. सांधा वाकवून बघितला तर बऱ्यापैकी वाकतो.

आतल्या कडेनं दुखतं: अंगठ्याच्या मुळाचं हाड बाहेर आलेलं, अंगठा दुसऱ्या बोटाकडं कललेला, हाडावरची कातडी लाल. हा हॅलक्स व्हॅल्गस. यात अरुंद बुटात त्रास जास्त होतो आणि अनवाणी उलट बरं वाटतं. त्यामुळं अनवाणी पळू लागलेल्यांत अशी मंडळी बरीच असतात.

रात्री अचानक दुखतं: झोपताना काही नव्हतं, पहाटे दोन-तीनला ठणक्यानं जाग आली. सांधा लाल, गरम, चकचकीत सुजलेला, चादरीचा स्पर्शसुद्धा सोसत नाही. आठ-दहा दिवसांत आपोआप उतरतं आणि काही महिन्यांनी परत येतं. असं असेल तर पळण्याला दोष देण्याआधी गाउटचा (युरिक ॲसिड साचून सांधा सुजण्याच्या आजाराचा) संशय घ्या.

दुखणं जागा बदलतं: अंगठा थोडा बरा वाटतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागं, पावलाच्या पाठीवर एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते. अंगठ्याला वाचवताना भार शेजारच्या हाडांवर गेला, हे त्याचं कारण. या हाडांना बारीक तडा जाऊ शकतो.

हे असेल तर पुढच्या तपासण्या नकोत, आजच डॉक्टरांकडं जा

- सांधा लाल-गरम आणि सोबत ताप किंवा हुडहुडी. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर तासांवर हिशेब असतो.
- पळताना किंवा ठेचकाळून अंगठा मागं उलटला, ‘कट’ आवाज झाला आणि तासाभरात सूज व काळंनिळं आलं.
- त्या पायावर सलग चार पावलंही टाकता येत नाहीत.
- सांध्याजवळ काटा, काच, खिळा घुसला होता आणि आता तिथं सुजलंय. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षांपेक्षा जास्त काळ झाला असेल तर तेही सांगा.
- मधुमेह आहे आणि तळव्याला स्पर्श नीट कळत नाही.

शेवटच्या मुद्द्याची घरी करायची एक साधी चाचणी आहे. डोळे मिटून पडा. घरातल्या कोणाला तरी दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या आणि करंगळीच्या टोकाला बोट अगदी हलकं, एक-दोन सेकंद टेकवायला सांगा. दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर अनवाणी पळणं बंद. अंगणातही नको. दुखणं हाच अनवाणी पळणाऱ्याचा लगाम असतो. तोच नसेल तर हाड मोडेपर्यंत कळत नाही.

तपासणी १: एका बोटानं जागा दाखवा (खर्च शून्य, वेळ १ मिनिट)

‘इथं कुठंतरी दुखतं’ म्हणून आख्खा पंजा धरू नका. तर्जनीच्या टोकानं सांध्याची पाठ, आतली कड, तळ आणि पहिल्या-दुसऱ्या बोटामधली खाच अशा चार जागा एकेक करून दाबा. तळ दाबताना दुसऱ्या हातानं अंगठा वर-खाली करा. अंगठा वर गेला की सेसामॉइड पुढं सरकतात. दुखरी जागाही त्यांच्याबरोबर सरकली तर दुखणं त्यांचंच. न सरकता तिथंच राहिली तर दुखणं कातडीत किंवा तिच्याखालच्या गादीत आहे.

पुढच्या सगळ्या उपायांची दिशा या एका मिनिटात ठरते. वरून दुखणाऱ्याला वाकणं कमी करायचं असतं आणि खालून दुखणाऱ्याला दाब कमी करायचा असतो. या दोन गोष्टींची गल्लत हेच दुखणं परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण.

तपासणी २: तळवा उजेडात बघा

पाय धुऊन, पुसून, उन्हात तळवा वर करून बसा. मोबाइलवर दोन्ही तळव्यांचे फोटो काढून शेजारी शेजारी ठेवा.

कातडी कुठं जाड झालीय त्यावरून भार कुठं पडतो ते कळतं. अंगठ्याच्या वरच्या पेराच्या आतल्या कडेला जाड पट्टा असेल, तर मुळाचा सांधा वाकत नाही आणि त्याचं वाकणं पुढचं पेर करतंय. दुसऱ्या बोटाच्या मागं जाड चकती असेल तर अंगठा आपला वाटा उचलत नाही. बाहेरच्या कडेला करंगळीमागं घट्टा असेल, तर दुखऱ्या अंगठ्याला टाळून पाऊल बाहेरच्या कडेवर टेकवताय.

कुरूप आहे का, नख आत वाढलंय का, तेही बघा. चवड्यातलं कुरूप आणि सेसामॉइडचं दुखणं पळताना सारखंच वाटतं. कुरूप सरळ वरून दाबलं की दुखतं. दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखत असेल तर ती बहुधा तळव्यातली चामखीळ.

आणि काटा. आपल्याकडं बांधावर, माळावर बाभूळ आहेच. बाभळीच्या काट्याचं टोक आत मोडून राहिलं आणि वरची जखम भरली, तर आठवड्यांनी सुद्धा सांधा सुजत राहतो. एक्स-रेमध्ये लाकडाचा काटा सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे पण सूज जात नाही’ अशा वेळी काटा लागल्याची आठवण डॉक्टरांना मुद्दाम करून द्या.

तपासणी ३: अंगठा किती वाकतो ते मोजा

मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात, पाऊल सपाट. एका हातानं चवडा जमिनीला दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं अंगठा हळूहळू वर उचला, दुखेल तिथं थांबा. जमिनीच्या पातळीवरून बाजूनं फोटो काढायला सांगा आणि जमीन व अंगठा यांतला कोन मोजा. दोन्ही पायांचा.

साधं चालतानाही या सांध्याला साधारण ४० ते ६५ अंश वर वाकावं लागतं. ताठ, पुढून वळलेला तळ असलेल्या बुटात बूटच पावलाला पुढं लोटतो आणि सांध्याचं थोडं काम वाचवतो. अनवाणी पायाला ही सूट मिळत नाही. मोजमापाचा व्यवहारी अर्थ असा लावा:

- ६० अंशांच्या वर, शेवटी रबरासारखा ताण: सांधा मोकळा आहे, कारण दुसरीकडं शोधा.
- ३० ते ६० अंश: अनवाणी पळता येईल, पण सपाटीवर, थोडं आणि पुढं दिलेल्या पद्धतीनंच.
- ३० अंशांच्या खाली, शेवटी हाडावर हाड आपटल्यासारखी टक्कर: अनवाणी पळणं थांबवा. तपासणी ४ ते ८ करत बसू नका, शेवटच्या भागाकडं जा.

शेवटचं वाक्य बऱ्याच जणांना रुचत नाही. ‘रोज तेल लावून वाकवला तर सुटेल’ असं वाटतं. सांध्याच्या वर हाड वाढलेलं असेल तर ते तेलानं किंवा ओढून मागं जात नाही. दारात दगड ठेवलाय आणि दार जोरानं उघडतोय, असा तो प्रकार होतो. तालमीतल्या जाणत्या हातांनी मुरगळलेले घोटे बसवल्याचा अनुभव कोल्हापुरात घरोघरी आहे आणि त्याबद्दल आदरच आहे. पण ताठ झालेला अंगठा ओढून ‘मोकळा’ करून घेऊ नका, त्यात उरलीसुरली कूर्चाही झिजते.

आता हीच तपासणी उभं राहून करा. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा आणि दुसऱ्याला अंगठा वर उचलायला सांगा. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. अंगठा वर गेला की तो अंगठ्याच्या मुळाभोवती, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा, गुंडाळला जातो आणि पावलाची कमान उचलली जाते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली पायाचं हे काम ‘विंडलास’, म्हणजे रहाट, याच नावानं मांडलं. उभं राहून कोन बसल्यापेक्षा कमीच येतो, ते ठीक आहे. पण बसून ६० अंश वाकणारा अंगठा उभं राहिल्यावर जागचा हलतच नसेल आणि कमानही उचलत नसेल, तर बिघाड सांध्यात नाही. कमान खाली बसतेय किंवा पोटरी आखडलीय. अशा अंगठ्याला तपासणी ४ आणि ७ चा सगळ्यात जास्त फायदा होतो.

तपासणी ४: घोटा आणि पोटरी

भिंतीसमोर उभं राहा, टाच जमिनीला, गुडघा भिंतीला लावायचा. टाच न उचलता अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती दूर ठेवता येतो ते पट्टीनं मोजा. १० सेंमीच्या आसपास चांगलं. ८ सेंमीच्या खाली किंवा दोन पायांत २ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर घोट्यावर काम करा.

अंगठ्याच्या दुखण्यात घोट्याचा काय संबंध? घोटा पुढं झुकत नसला की टाच वेळेआधी उचलली जाते. मग प्रत्येक पावलात अंगठ्याचं मूळ जास्त वेळ आणि जास्त वाकून भार घेतं. बूट घालून पळणाऱ्याच्या टाचेखाली ८-१० मिमी उंची असते, त्यामुळं आखडलेली पोटरी झाकली जाते. बूट काढला की ती उघडी पडते. अनवाणी सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांत अंगठा दुखू लागलेल्यांत हे वारंवार सापडतं.

उपाय: भिंतीला हात लावून पोटरीचा ताण. आधी गुडघा सरळ, मग गुडघा वाकवून, प्रत्येकी ३० सेकंद, ३ वेळा, दिवसातून दोनदा. मागचा पाय सरळ पुढं, बोटं बाहेर वळवायची नाहीत. फरक पडायला ४ ते ६ आठवडे लागतात. ताठ सांधा असणाऱ्यांनी मागच्या पायाची टाच जमिनीवरच ठेवावी, म्हणजे अंगठा वाकत नाही.

तपासणी ५: जमीन

‘मऊ जमीन बरी’ हा समज निम्माच खरा आहे. भुसभुशीत मातीत, वाळूत, नांगरलेल्या रानात चवडा रुततो आणि अंगठा सपाटीपेक्षा जास्त वाकतो. तालमीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत पळणं खालून दुखणाऱ्याला गादीसारखं वाटेल, पण वरून दुखणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आखडवेल. उलट गुळगुळीत, टणक, सपाट डांबर ताठ सांध्याला बरं आणि सेसामॉइडला वाईट.

कोल्हापुरातल्या जागांचं बोलायचं तर रंकाळ्याच्या फरसबंद पदपथावर कोरड्या दिवसांत पाऊल नीट पडतं. पावसाळ्यात शेवाळ धरलं की माणूस घसरायच्या भीतीनं बोटं आवळतो, आणि आवळलेल्या बोटांनी दोन किलोमीटर म्हणजे सेसामॉइडवर सतत दाब. तळ्याला रोज एकाच दिशेनं फेरी मारत असाल तर दिशा बदलून बघा, वळणाच्या आतल्या पायाला वेगळा ताण पडतो. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. नेहमी एकाच कडेनं पळालं की एक पाऊल सतत आत आणि दुसरं बाहेर झुकतं. एकच अंगठा दुखत असेल तर ही सवय आधी तपासा. विद्यापीठाच्या आवारात पहाटे गर्दी नसते तेव्हा मधून पळता येतं. जोतिबा आणि पन्हाळ्याचा चढ, तिथले जांभ्याचे खडबडीत दगड, हे अंगठा पूर्ण बरा होईपर्यंत बुटातच. चढावर हा सांधा सपाटीपेक्षा बराच जास्त वाकतो.

गळीत हंगामात ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर कांडक्या आणि पाचट पडलेलं असतं, पाचटाच्या कडा धारदार असतात. उन्हाळ्यात दहानंतरचं डांबर तळवा भाजतं आणि भाजणाऱ्या जमिनीवर माणूस चवड्यांवरच नाचतो. पावसाळ्यात साचलेल्या गढूळ पाण्यातून अनवाणी जाऊ नका. पायाला भेगा-खरचटे असतील तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

तपासणी ६: पळायची पद्धत

मोबाइल जमिनीवर टेकवून ठेवा, स्लो मोशन लावा, बाजूनं आणि मागून प्रत्येकी १५ सेकंद चित्रण करा. ताज्या पायानं नको. दमलेल्या पायानं शेवटच्या पाच मिनिटांत करा, चूक तेव्हाच दिसते. चार गोष्टी बघायच्या.

टाच टेकते का? अनवाणी म्हणजे चवड्यावर पळायचं, असं अनेकांनी मनाशी धरलंय. चवड्याचा बाहेरचा भाग किंवा पावलाचा मधला भाग आधी टेकू द्या, पण त्यानंतर टाच हलकीशी जमिनीला लागलीच पाहिजे. टाच अधांतरी ठेवून पळणाऱ्याचा सगळा भार पूर्ण वेळ चवड्यावर असतो. चवड्याखालचं दुखणं घेऊन येणाऱ्यांत ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि ती सुधारली की फरकही सगळ्यात लवकर पडतो.

मागं ढकलता की वर उचलता? जमिनीला अंगठ्यानं रेटा देऊन उडी घेतली तर सांधा शेवटपर्यंत वाकतो. गुडघा पुढं नेताना पाऊल जमिनीवरून सरळ उचलून घ्या. ओल्या मातीत पळाल्यावर ठसा बघितला तर कळतं. अंगठ्याच्या मागं खड्डा आणि माती मागं उडालेली असेल तर रेटा जास्त आहे.

पाऊल वळताना घासतं का? पाऊल टेकलेलं असताना टाच आत फिरत असेल तर चवड्याखाली पीळ पडतो. तिथं फोड येणं ही त्याची खूण.

पावलांचा वेग किती? ३० सेकंदांत उजवं पाऊल किती वेळा टेकतं ते मोजा. ४३ ते ४५ आलं तर मिनिटाला १७२ ते १८० पावलं होतात. ४० च्या खाली असेल तर पाऊल लांब पडतंय. एकदम १८० वर जाऊ नका, आहे त्याच्या ५ टक्के वाढवा आणि दोन आठवडे तिथंच राहा.

तपासणी ७: पावलातली ताकद

पाऊल सपाट ठेवून चार बोटं उचला आणि अंगठा जमिनीला दाबून ठेवा, मग उलट करा. जमत नसेल तर अंगठा जमिनीला नीट दाबणारे स्नायू झोपलेले आहेत आणि सगळं काम सांधा व हाडं करताहेत. प्रत्येकी १० वेळा, रोज. दुसरा व्यायाम: बोटं न आवळता चवड्याचं मूळ टाचेकडं ओढून कमान उचला, ५ सेकंद धरा, १० वेळा.

तिसरा म्हणजे एका पायावर टाच उचलणं. आधार धरून सलग २० वेळा न दुखता जमलं की पळायला हरकत नाही. पण इथं फरक लक्षात ठेवा. वरून दुखणाऱ्याने जमिनीवर उभं राहून टाच पूर्ण वर नेऊ नये, अंगठा तिथंच अडकतो. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडावी आणि पायरीच्या पातळीपर्यंतच वर आणावी. पोटरीला तेवढंच काम मिळतं आणि सांधा वाचतो. याच कारणानं चवड्यावरच्या बैठका आणि जोर काही आठवडे बंद. बैठका टाच टेकवून, जोर चवड्यावर नाही तर गुडघे टेकवून काढा.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहून पाय ‘तयार’ झाले म्हणून दसऱ्यानंतरच्या उत्साहातच पळायला सुरुवात करणारे असतात. नऊ दिवसांत कातडी थोडी राठ होते, हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला महिने लागतात. कातडी दुखायची थांबली की माणूस जास्त पळतो आणि तिथंच आतलं बिघडतं.

तपासणी ८: दिवसभर पायात काय असतं?

पळणं अर्धा तास, उरलेला दिवस चपलेत. सैल हवाई चप्पल पायात टिकवायला बोटं सतत आवळावी लागतात, ती आधी काढा. कोल्हापुरीचं थोडं वेगळं आहे. टणक चामड्याचा तळ कमी वाकतो म्हणून ताठ सांध्याला ती दिवसा चालते, पण अंगठा अडकवायची पट्टी सांध्याच्या उंचवट्यावर घासत नाही ना बघा. नवी कडक जोडी नको, रुळलेली हवी. सेसामॉइड दुखत असतील तर तोच टणक तळ त्रास देतो, ४ ते ६ आठवडे मऊ तळाचं पादत्राण घरातही घाला. फरशीवर अनवाणी फिरणंसुद्धा बंद.

सेसामॉइडसाठी ५-६ मिमी जाडीच्या फेल्टची (दाबून केलेल्या जाड कापडाची) गादी कापून चपलेत किंवा बुटात चिकटवा. चवड्याच्या रुंदीएवढी, अंगठ्याच्या मुळाखाली यू आकाराची खाच. खाचेत दुखरी जागा अधांतरी राहिली पाहिजे. उलटं करू नका. दुखऱ्या जागेवरच गादी ठेवली तर दाब वाढतो, आणि ही चूक फार होते.

ताठ सांध्याला न ताणणारी अडीच सेंमी रुंद पट्टी: अंगठा सरळ ठेवून, अंगठ्याच्या खालून तळव्यावर मागं दोन-तीन पट्ट्या, वरून पावलाभोवती एक फेरा. अंगठा वर वाकणं अडलं पाहिजे, रंग बदलता कामा नये. अंगठा दुसऱ्या बोटाकडं कललेला असेल तर मधे सिलिकॉनची मऊ पाचर घालून आराम पडतो. त्यानं हाड सरळ होईल अशी आशा धरू नका.

परत सुरू करताना

रोजच्या चालण्यात सलग ७ दिवस दुखलं नाही आणि सकाळी आखडलं नाही, मगच सुरुवात. १ मिनिट पळणं, १ मिनिट चालणं, असे ५ फेरे, एक दिवसाआड. हे सगळं नेहमीच्या बुटातल्या पळण्यानंतर नको, आधी ताज्या पायानं. दर आठवड्याला २ फेरे वाढवा. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी उतरलं असेल तर चालेल. दुसऱ्या सकाळी आखडलं तर आधीच्या आठवड्यावर या. पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका, मोजमापच बिघडतं. आधी बुटात १० किमी पळत होतो म्हणून अनवाणी ५ तरी होतीलच, हा हिशेब लागू होत नाही.

तपासणी ९: रक्त आणि एक्स-रे (इथून पुढं डॉक्टर)

रात्रीच्या ठणक्याची खूण जुळत असेल तर रक्तातलं युरिक ॲसिड. डेसिलिटरमागं ६.८ मिग्रॅच्या वर ते सांध्यात स्फटिकरूपानं साचू शकतं. दुखण्याच्या ऐन भरात तपासलं तर आकडा नॉर्मल येऊ शकतो, म्हणून उतरल्यावर २ ते ४ आठवड्यांनी परत करायचं. तांबडा-पांढरा, वजडी, सोबत बिअर असा बेत झाला आणि रात्री अंगठा पेटला, असं घडतं. पण सगळा दोष मटणाला देऊ नका. आनुवंशिकता, मूत्रपिंडाचं काम, रक्तदाबाच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, पळून घाम गेल्यावर पाणी न पिणं, हे सगळं धरावं लागतं. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. युरिक ॲसिड कमी करणारं औषधही दुसऱ्याचं बघून घेऊ नका. गाउटचा झटका चालू असताना पळणं पूर्ण बंद.

एक्स-रे उभं राहून, पायावर वजन देऊन काढायला सांगा. झोपून काढलेल्यात सांध्यातलं अंतर खरं दिसत नाही. सेसामॉइडसाठी वेगळ्या कोनातून एक जादा एक्स-रे लागतो. काहींचं सेसामॉइड जन्मतःच दोन तुकड्यांत असतं, ते मोडलेलं वाटू शकतं, म्हणून तुलनेसाठी दुसऱ्या पायाचाही उपयोग होतो. पावलाच्या हाडाला गेलेला बारीक तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसत नाही. रिपोर्ट स्वच्छ आला पण एका बिंदूवर कळ आहे, तर पळू नका, परत दाखवा.

कधी थांबायचं ते नेमकं: तपासणी १ ते ८ मधले बदल करून ६ आठवड्यांत फरक नाही, कोन ३० अंशांच्या खाली आहे, सेसामॉइडची जागा ४ आठवडे भार काढूनही दुखते, किंवा रात्री झोपेत दुखतं. यातलं एकही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ, शक्य असेल तर पाऊल-घोट्याचं काम करणारे. खाजगीत जायचं नसेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागात दाखवा. सेसामॉइडला रक्तपुरवठा कमी असतो, ती सावकाश भरतात आणि दुर्लक्ष झालं तर हाडाचा तो भाग मरू शकतो. इथं ‘बघू अजून महिनाभर’ परवडत नाही.

३० अंशांखालच्या सांध्यासाठी ताठ तळाचा, पुढून वळलेला बूट किंवा बुटात घालायची कडक पट्टी हा पहिला उपाय. त्यात अनेक जण वर्षानुवर्षं पळतात. तेवढ्यानं भागलं नाही तर वर वाढलेलं हाड तासून काढणं किंवा सांधा कायमचा जोडून टाकणं, अशा शस्त्रक्रिया आहेत. जोडलेला सांधा दुखत नाही, पण वाकतही नाही. अनवाणी पळणं हेच तुमचं उद्दिष्ट असेल तर ते शस्त्रक्रिया ठरवण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

जाताना सोबत न्या: दोन्ही तळव्यांचे फोटो, बसून आणि उभं राहून मोजलेले कोन, भिंतीपासूनचं अंतर, पळतानाचं चित्रण, आणि गेल्या ६ आठवड्यांत कुठल्या दिवशी, कुठल्या जमिनीवर, किती पळालात व दुसऱ्या सकाळी काय झालं याची वहीतली नोंद. चप्पल आणि बूटही रोजच्या वापरातलेच घालून जा, नवे नकोत. झिजलेला तळ डॉक्टरांना बघू द्या.